दोन पानांचा एक निबंध आणि त्याची मोजदाद

मंडळाच्या स्मरणिकेतील आमचे लेखन ज्ञातिबांधवांस अपरिचित नाही. ज्ञातीच्या जुन्या वस्त्या, कुलदैवतांची स्थाने, पंचांच्या वह्या असे विषय आम्ही आजवर यथामति हाताळले. यंदाचा विषय मात्र कलकत्त्याचा आहे, आणि ज्या गृहस्थांविषयी लिहावयाचे ते बंगाली असून आपल्या ज्ञातीशी त्यांचा काडीमात्र संबंध नव्हता. संपादकमहाशयांनी प्रथम नापसंती दर्शविली. पण कारण ऐकल्यावर त्यांनीच लेख पुरा करण्याचा आग्रह धरला. ते कारण आधी सांगणे भाग आहे, कारण त्यात आमची स्वतःची चूक आहे.

गतवर्षी गुणवंतांच्या सत्कारासाठी जी उपसमिती नेमण्यात आली, तीत आम्हीही होतो. उच्च शिक्षणाच्या विभागात दोन अर्ज आले. दोघेही वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापक. एका गृहस्थांच्या नावावर साठाहून अधिक शोधनिबंध होते. दुसरा अर्ज एका बाईंचा. त्या सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकवितात आणि त्यांचे निबंध अवघे अकरा. अर्जात ‘प्रसिद्ध शोधनिबंधांची संख्या’ हा रकाना सहा वर्षांपूर्वी आमच्याच सूचनेवरून घालण्यात आला होता; कारण समितीतील आम्हां पाच जणांपैकी एकासही वैद्यकातले ओ की ठो कळत नाही, आणि आकडा मात्र सर्वांस वाचता येतो. साठ आणि अकरा ह्यांत मोठे कोण, हे पहिलीतले मूलही सांगेल. बैठक दहा मिनिटांत आटोपली. त्या गृहस्थांच्या विद्वत्तेविषयी आम्हांस शंका घेण्याचे कारण नाही, व त्यांचा सत्कार झाला तो योग्यच झाला. परंतु दुसरा अर्ज आम्ही वाचलाच नाही, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही.

ह्या बाई लहानपणी आमच्याच शाळेत चौथीपर्यंत होत्या. दिवाळीत त्या घरी आल्या. सत्काराचा विषय त्यांनी काढला नाही. आम्हीच ओशाळून काढला आणि “तुझे निबंध थोडे कमी पडले गं” असे बोलून गेलो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही आम्हांला चौथीत जलसंजीवनी शिकवली होतीत, आठवते? ती ज्यांच्या शोधामुळे नीट उमगली त्यांचेही निबंध फार नव्हते.” जाताना त्यांनी काही छापील कागद ठेवले. ते वाचण्यात आमचा पुढचा महिना गेला. इंग्रजी आम्हांस मॅट्रिकपुरते येते. अडले तेथे दूरध्वनी करून त्यांनाच विचारले. त्या वाचनातून जे हाती लागले ते पुढे देत आहोत.

कॉलरा म्हणजे आपली पटकी. आमच्या आजीच्या तोंडी तिचे नाव सहसा येत नसे. ‘मरीआईचा कोप’ एवढेच ती म्हणे. पंढरीच्या वाटेवर ह्या रोगाने किती वारकरी गेले, त्याच्या कथा घरोघर होत्या, आणि वारीस निघणाऱ्यांस कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागे हे आमच्या पिढीतील पुष्कळांस आठवत असेल. धडधाकट मनुष्याच्या अंगातील पाणी काही तासांत निघून जावे, डोळे खोल जावेत, हातपाय वळावेत आणि सकाळी शेतावर गेलेला गडी दिवेलागणीपूर्वी आटोपावा, अशी ही व्याधी.

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हे १८८३ साली प्रथम मिसर देशात व नंतर कलकत्त्यास आले आणि १८८४ च्या आरंभी त्यांनी पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू निश्चित केला. हा जंतू काही विष निर्माण करीत असावा, असे कॉख ह्यांनी तेव्हाच अनुमान केले. पुढे पाऊणशे वर्षे ते विष कोणास सापडले नाही. शोधणारे कमी नव्हते. पण बहुतेक सर्वजण ते प्राण्याच्या रक्तात वा पोटाच्या पोकळीत टोचून पाहत. प्राणी मरे, परंतु त्यास पटकी होत नसे. शेवटी विष जंतूच्या शरीरातच असते व जंतू मेल्यावर ते मोकळे होते, असा समज रूढ झाला. पटकीत आतड्याचे अस्तर झडून जाते व तेथून पाणी पाझरते, असेही मानीत. आंधळ्यांनी हत्ती चाचपावा तसे हे चालले होते, असे आता म्हणणे सोपे आहे.

शंभुनाथ दे ह्यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी बंगालमधील हुगळी जिल्ह्यात गरिबाटी ह्या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची. शिष्यवृत्तीच्या आधारे ते हुगळीच्या मोहसीन कॉलेजात व तेथून कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकले आणि १९३९ साली डॉक्टर झाले. युद्धानंतर ते लंडनला गेले. तेथे सर रॉय कॅमेरॉन ह्या विकृतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करून १९४९ साली त्यांनी पीएच. डी. मिळविली. परत आल्यावर त्यांनी नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात अध्यापन केले, व १९५५ पासून कलकत्ता मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र व सूक्ष्मजंतुशास्त्र ह्या विभागाचे प्रमुख म्हणून काम पाहिले. म्हणजे मूळ पेशा मास्तराचा. वर्ग घ्यावयाचे, परीक्षा घ्यावयाच्या, विभाग चालवावयाचा आणि उरल्या वेळात संशोधन करावयाचे. रुग्ण मात्र दूर शोधावे लागत नव्हते. कलकत्त्यात पटकी दर वर्षी ठरल्यासारखी येई.

दे ह्यांनी विचार असा केला की, ज्या रोगात पाणी आतड्यात जमते, त्या रोगाचे विष आतड्यातच घालून पाहावे. सशास गुंगी देऊन त्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी रेशमी दोऱ्याने बांधावयाचा, मधल्या बंद जागेत जंतूंचे पाणी सुईने सोडावयाचे, पोट शिवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी उघडून पाहावयाचे. तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला असे. शेजारच्या तुकड्यात नुसते जंतुरहित द्रव सोडले तर तो जसाच्या तसा राही. चटर्जी नावाच्या सहकाऱ्यासह हा प्रयोग त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला. ह्यास दोरा, सुई आणि ससा ह्यांपलीकडे फारसे साहित्य लागत नव्हते. गंमत अशी की, व्हिओल व क्रेन्दिरोपुलो ह्या दोघांनी असाच प्रयोग १९१५ सालीच करून छापला होता. पण तो निबंध कोणाच्या स्मरणात उरला नव्हता, आणि दे ह्यांनी ती युक्ती स्वतंत्रपणे नव्याने शोधली. छापून आलेली गोष्ट वाचली जातेच असे नाही, ह्याचा दाखला ह्या कथेच्या आरंभीच मिळतो.

पुढील पायरी महत्त्वाची. जंतू द्रवात वाढवून तो द्रव इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात एकही जंतू उरू नये, आणि तो गाळलेला द्रवच बांधलेल्या आतड्यात घातला. आतडे तसेच फुगले! जंतू हजर नसताना रोगाचे लक्षण प्रकट झाले; अर्थात जंतूने बाहेर सोडलेले विष त्या द्रवात होते. हा निबंध लंडनच्या ‘नेचर’ ह्या साप्ताहिकाच्या ३० मे १९५९ च्या अंकात आला. लांबी दोन पाने. लेखक एकटे दे.

येथे महाराष्ट्रास अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्याच वर्षी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत दत्त, पानसे व कुलकर्णी हे तिघे वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येऊन पोचले. दत्त व हब्बू ह्यांनी १९५५ सालीच दूध पिणाऱ्या सशाच्या पिल्लांत पटकी उत्पन्न करण्याची रीत बसविली होती. त्याच रीतीने, जिवंत जंतू न देता केवळ त्यांच्यापासून काढलेल्या अर्काने पिल्लांस रोगाची लक्षणे होतात, असे ह्या तिघांनी १९५९ साली अमेरिकेतील एका जंतुशास्त्रविषयक नियतकालिकात दाखवून दिले. कलकत्ता व मुंबई ह्या दोन शहरांत, आपल्याच देशात, पाऊणशे वर्षांचे कोडे एकाच वर्षी सुटले. आमच्या शालेय क्रमिक पुस्तकांत कॉख होते. दे नव्हते, आणि पानसे-कुलकर्णीही नव्हते. तीस वर्षे शिकविताना आम्हांस ही नावे ठाऊक नव्हती.

विष बाहेरून काम करते, हे एकदा कळल्यावर पुढचा उलगडा होत गेला. १९६० साली रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून पाहिलेल्यांस अस्तर झडलेले दिसले नाही. ते शाबूत होते. विष पेशी मारीत नाही. ती पेशीस अखंड पाणी सोडावयास लावते. म्हणजे पाणी बाहेर टाकणारी वाट उघडी पडली, तरी मीठ व साखर मिळून आत घेणारी दुसरी वाट बंद झालेली नसते. जलसंजीवनीचे सारे मर्म ह्यातच आहे. कलकत्त्याचेच हेमेंद्रनाथ चटर्जी ह्यांनी १९५३ साली पटकीचे १८६ रुग्ण तोंडावाटे द्रव देऊन हाताळल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये छापले होते; पण असे का व्हावे ह्याचे कारण तेव्हा कोणास ठाऊक नसल्यामुळे त्याकडे लक्ष गेले नाही. १९६८ मध्ये ढाक्यास नॅलिन व कॅश ह्या अमेरिकन डॉक्टरांनी ह्या उपायाची पद्धतशीर परीक्षा केली. आणि १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या लोंढ्यात, बनगाव येथे शिरेतून द्यावयाचे सलाईन संपले तेव्हा, डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, साखर व सोडा पाण्यात कालवून पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. त्या छावणीतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३.६ पर्यंत खाली आले. महालनबीस २०२२ साली वारले आणि त्यांस पद्मविभूषण मिळाले ते २०२३ साली, मरणोत्तर.

एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे आम्ही फळ्यावर किती वर्षे लिहिले!

आता मोजदादीकडे वळू. एखादा शोधनिबंध लिहिताना शास्त्रज्ञ आपल्या आधीच्या ज्या निबंधांचा आधार घेतो त्यांची नावे शेवटी देतो. ह्यास इंग्रजीत सायटेशन म्हणतात. आपण आधारोल्लेख म्हणू. न्यायालयात वकील जुन्या निवाड्यांचे दाखले देतात तसाच हा प्रकार, आणि मोजण्याची कल्पनाही तेथूनच आली. फ्रँक शेपर्ड ह्यांनी १८७३ पासून अमेरिकेत अशी सूची काढली की, अमुक निवाड्याचा दाखला पुढे कोणकोणत्या निवाड्यांत आला ते वकिलास एका ठिकाणी पाहावयास मिळावे. ती पाहून युजीन गारफील्ड ह्या गृहस्थांनी १९५५ साली अशीच सूची विज्ञानासाठी करावी असे सुचविले आणि १९६४ पासून फिलाडेल्फियाहून ती नियमित काढली. आपल्यापैकी ज्यांनी कुलवृत्तांताचे काम केले आहे त्यांस हे चटकन उमजेल. वंशावळीत नेहमी बापाकडून आजाकडे, असे मागे जावयाचे असते. गारफील्ड ह्यांच्या सूचीत आजाचे नाव काढले की त्याचे नातू-पणतू कोठे कोठे पसरले ते दिसते. हेतू निर्मळ होता : जुन्या निबंधाचा धागा धरून नवे काम सापडावे.

पुढे त्यातूनच आकडे निघाले. एखाद्या नियतकालिकातील मागील दोन वर्षांच्या लेखांस चालू वर्षी सरासरी किती आधारोल्लेख मिळाले, त्यास इम्पॅक्ट फॅक्टर हे नाव पडले आणि १९७५ पासून त्याची कोष्टके प्रसिद्ध होऊ लागली. नियतकालिकांची तुलना करण्यास व ग्रंथपालास निवड करण्यास ते सोयीचे होते. पण तोच आकडा त्यात लिहिणाऱ्या माणसाच्या अंगाला चिकटविण्यात येऊ लागला. तसे करू नये, असे स्वतः गारफील्ड ह्यांनी वेळोवेळी बजावूनही. २००५ साली हिर्श ह्या पदार्थवैज्ञानिकाने माणसासाठीच एक आकडा सुचविला. त्याचे नाव एच-इंडेक्स. ज्याच्या दहा निबंधांस प्रत्येकी निदान दहा आधारोल्लेख मिळाले त्याचा आकडा दहा. पुढे आपल्या देशातही वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांच्या बढतीस प्रसिद्ध निबंधांची अट घालण्यात आली, आणि अट आली तसे पैसे घेऊन लेख छापून देणारे, परीक्षणाचे नुसते सोंग करणारे छापखानेही उघडले. परीक्षेत जेवढे विचारतात तेवढेच मूल घोकते, हे शिक्षकास निराळे सांगावयास नको.

ह्या काट्यावर दे ह्यांस ठेवून पाहू. त्यांचा १९५९ चा निबंध दोन वर्षांच्या हिशेबात केवळ १९६० व १९६१ ह्या सालांपुरता आला असता, आणि त्या काळात त्याकडे विशेष कोणी पाहिले नाही. ह्या विषास आपल्या प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वेगळे करणे दे ह्यांच्या साधनांत बसणारे नव्हते; ते काम अमेरिकेत फिंकेलस्टाइन व लोस्पालुटो ह्यांनी १९६९ साली पुरे केले. फिंकेलस्टाइन ह्यांनी वापरलेली रीत सशाच्या पिल्लांची, म्हणजे मुंबईची होती. त्यानंतर जगभर ह्या विषावर शेकडो माणसे काम करू लागली आणि प्रत्येकास मागे वळून कलकत्त्याच्या त्या दोन पानांचा आधार द्यावा लागला. बांधलेल्या आतड्याची रीत इतर जंतूंसही लागू पडली. खुद्द दे ह्यांनीच १९५६ साली हगवणीच्या रुग्णांतील इ. कोलाय जंतूंवर ती चालवून पाहिली होती, आणि त्या जंतूंच्या विषाचा शोध पुढे त्याच दिशेने लागला.

दे १९७३ साली निवृत्त झाले. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने स्टॉकहोम येथे पटकीविषयी परिसंवाद भरविला, तेव्हा त्यांस सन्मानाने बोलावण्यात आले. तेथील भाषणात ते म्हणाले की, साठीच्या दशकाच्या आरंभापासून आपण मेल्यातच जमा होतो. ह्या समितीने आपल्यास उकरून बाहेर काढले. हे विनोदाने म्हटले असेल. आम्हांस मात्र ते वाचून हसू आले नाही. नोबेल पारितोषिक मिळविलेले जोशुआ लेडरबर्ग ह्यांनी त्या पारितोषिकासाठी दे ह्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचविले होते. ते त्यांस मिळाले नाही. पण तो दोष परक्यांचा. आपल्या देशातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांस सदस्य करून घेतले नाही, हे कोणाच्या पदरी घालावे? १५ एप्रिल १९८५ रोजी ते वारले.

आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८६ मध्ये, ज्यांनी आकडे काढण्याची रीत घातली त्याच गारफील्ड ह्यांनी आपल्या साप्ताहिकात पटकीच्या संशोधनाचा नकाशा मांडून दे ह्यांच्या कार्यावर सविस्तर लेख लिहिला. आपल्या सूचीत पिढ्यान् पिढ्यांचे धागे उलगडून त्यांनी दाखविले की, ह्या वंशवृक्षाच्या मुळाशी कलकत्त्याचा एक अध्यापक आहे. १९९० साली बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ने दे ह्यांच्यावर विशेष अंक काढला, त्यात देशातील अकादम्यांच्या ह्या उपेक्षेबद्दल स्पष्ट शब्दांत खेद व्यक्त झाला आहे. तेव्हा मोजदाद ही सर्वथा टाकाऊ वस्तू आहे, असे आमचे म्हणणे नाही. विस्मृतीत गेलेला मनुष्य तिनेच वर काढला. परंतु तिला पंचवीस वर्षे लागली, आणि ज्याची मोजणी झाली तो तोवर वर्षभरापूर्वी निघून गेला होता. दहा मिनिटांच्या बैठकीत आम्ही जी केली ती निराळीच.

त्या बाईंचे अकरा निबंध आम्ही आता वाचले आहेत. कळले तेवढे वाचले, असे म्हणणे खरे. त्यांतील चार ऊसतोड कामगारांच्या तळांवरील लहान मुलांच्या हगवणीविषयी आहेत. पाणी कोठून आणतात, कशात साठवितात, जलसंजीवनीची पुडी घरात असूनही आई ती का देत नाही, ह्याची त्यांनी पालोपाली हिंडून केलेली विचारपूस आहे. तीन हंगाम त्या गाडीतळांवर जात होत्या. त्यामुळे त्या तीन वर्षांत त्यांचा एकच निबंध प्रसिद्ध झाला. ह्या चारही निबंधांस मिळून आधारोल्लेख आहेत सात. ह्यांचे पुढे काय होईल हे आम्ही सांगू शकत नाही, आणि त्यांची दे ह्यांच्याशी तुलना करण्याचा आमचा मानस नाही. त्या बाईंस ती मुळीच आवडणार नाही. पुडीविषयीचा एक निबंध तेवढा आम्हांस पुरता कळला. आया म्हणतात, पुडीने जुलाब थांबत नाहीत, मग ती द्यावी कशाला? जुलाब थांबविण्यासाठी ती नसतेच, अंगातील पाणी टिकविण्यासाठी असते, एवढे त्यांस कोणी सांगितले नव्हते. फळ्यावर साखर-मिठाचे प्रमाण लिहिताना आम्हीही हे कधी सांगितले नव्हते.

यंदाच्या अर्जाचा मसुदा उपसमितीपुढे आला तेव्हा तो रकाना काढून टाकावा अशी सूचना आम्ही मांडली. ती फेटाळली गेली. चिटणीसांचे म्हणणे असे की, आकडा नसेल तर निर्णय मर्जीने झाल्याचा आरोप येतो, आणि हा आक्षेप खोटा नाही; ज्ञातीच्या संस्थांत मर्जीने काय काय होते, हे जुन्या वह्या वाचलेल्या आम्हांस चांगले ठाऊक आहे. अखेर रकाना तसाच ठेवून त्याखाली चार ओळी जागा सोडण्यात आली : अर्जदाराने आपल्या एका कामाविषयी मराठीत, सर्वांस समजेल असे लिहावे. तसेच सर्व अर्ज बैठकीपूर्वी आठ दिवस प्रत्येक सभासदाच्या घरी पोचते करावेत, असेही ठरले. अर्जाची मुदत आषाढी एकादशीपर्यंत आहे. त्या बाईंनी यंदा अर्ज करणार नाही असे कळविले आहे. पुढील हंगामासाठी त्या पुन्हा तळांवर जाणार आहेत, आणि पुड्यांवर चिकटवावयाच्या सूचनेची मराठी भाषा तपासून देण्याचे काम त्यांनी आमच्याकडे सोपविले आहे.